तोंडी, प्रात्यक्षिक, व्हायवा : समोर बसवून तपासलं तेव्हाचे अनुभव लिहा

निळीशाई
काल भाचीचं बारावीचं केमिस्ट्रीचं प्रात्यक्षिक झालं. संध्याकाळी फोनवर तासभर तोच विषय. बाहेरून आलेल्या मॅडमनी तिला ब्युरेटचं (थेंब सोडायच्या मापाच्या उभ्या काचनळीचं) रीडिंग घ्यायला लावलं आणि नळीतल्या द्रवाच्या खोलगट पातळीबद्दल विचारलं, "कुठली कडा वाचलीस? वरची की खालची?" एरवी आपण खालची वाचतो. पण पोटॅशियम परमँगनेट इतकं गडद असतं की खालची कडा दिसतच नाही, म्हणून वरची वाचायची. तिला आलं, कारण आधी खरोखर स्वतःच्या हाताने ब्युरेट भरलेली होती.

ते ऐकून आमच्या वेळचे एक परीक्षक डोळ्यांसमोर आले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला त्यांनी विचारलं, "इंडिकेटर कुठला घातलास?" (इंडिकेटर म्हणजे क्रिया पूर्ण झाली की रंग बदलून दाखवणारं रसायन.) ती गांगरून फिनॉल्फ्थॅलिन म्हणाली. दुसऱ्या कुणी लाल शेरा मारून पुढे गेलं असतं. हे सर तिच्या बाजूला उभे राहिले. "पुन्हा कर. एकेक थेंब सोड आणि फ्लास्ककडे बघ." गरम ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये परमँगनेटचा थेंब पडतोय, रंग उडून जातोय, पडतोय, उडतोय, आणि मग एका थेंबाला फिकट गुलाबी रंग टिकला. "आता सांग." ती म्हणाली, "सर, वेगळा इंडिकेटर लागतच नाही. ह्याचाच रंग कळतो." सरांनी त्यावर गुण दिले. लेखी ७०, प्रात्यक्षिक ३०, अशी विभागणी आजही आहे. ते ३० गुण असे दिले गेले तर त्यांना किंमत आहे असं मला फार मनापासून वाटतं.

तर कोर्स संपताना तुम्हाला काय येतं हे कुणी, कसं तपासलं? शाळा, कॉलेज, आयटीआय, गाणं, नर्सिंग, काहीही चालेल. परीक्षा घेणाऱ्यांनीही जरूर लिहा.

गुळपोळी
सॉल्ट ओळखायचं प्रात्यक्षिक!!! निळं मीठ आलं की जीव भांड्यात, कॉपर. मला पांढरं आलं होतं. नायट्रेटची ब्राऊन रिंग बघायला परीक्षानळी तिरकी धरून काठाने सल्फ्युरिक ॲसिड सोडायचं, आणि हात असा थरथरत होता ना. आली पण रिंग! लॅबमधल्या मामांनी लांबूनच मान डोलावली. निकालापेक्षा ती मान महत्त्वाची होती तेव्हा.

काजवा
विषय निघालाच आहे तर, लेकाच्या पांढऱ्या एप्रनवर परमँगनेटचे तपकिरी डाग पडलेत. कशाने जातील? परवा फिजिक्स आहे.

पाटीवरची
माझ्याकडे दुसरीचा वर्ग, जिल्हा परिषदेची शाळा. पहिली-दुसरीला आकारिक ७०, संकलित ३०. म्हणजे वर्षभर मूल काय करतं ते जास्त मोलाचं, शेवटचा पेपर कमी. २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हापासून मला हे पटत आलंय. पण वर्णनात्मक नोंदी भरायची वेळ आली की बाजारात तयार वाक्यांची पुस्तकं मिळतात. 'सूचना लक्षपूर्वक ऐकतो.' 'गटात आनंदाने काम करतो.' अख्ख्या वर्गाला तेच. त्यावरून तिसरीच्या बाईंना काय कळणार?

म्हणून मी शेवटी एकेका लेकराला शेजारी बसवते. काड्यांचे दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या पुढ्यात. एक मुलगा आहे, आईबाप ऊसतोडीला जातात, त्यांच्याबरोबर तोही जातो, हंगाम संपला की परत येतो. पेपरात त्याने ४७ + ८ = ४१५ लिहिलं. चूकच. पण काड्या दिल्यावर सात आणि आठ एका जागी केल्या, दहा मोजून रबर लावलं, तो गठ्ठा चारांशेजारी सरकवला, पाच सुट्या राहिल्या. "पंचावन्न." एकदाही माझ्याकडे न बघता! त्याच्या नोंदीत मी लिहिलं, 'हातच्याची बेरीज वस्तूंवर येते, अंकांत मांडताना अडतो. तिसरीत इथून सुरुवात करावी.' एवढं एक वाक्य लिहायला मूल दहा मिनिटं समोर लागतं. ती दहा मिनिटं आम्हाला मिळायला हवीत, बाकीची कागदपत्रं कमी करा.

गुळपोळी
बाई, वाचून डोळ्यांत पाणी आलं. ४१५ मागे किती विचार आहे त्या पोराचा!

हातोडीछिन्नी
आयटीआय, फिटर. फायनलला मेल-फिमेल जॉब. दोन तुकडे फाईल मारून एकमेकांत बसवायचे, मापात ±०.०४ मिमी सूट. तळहाताला फोड आले होते. परीक्षकांनी एक शब्द न बोलता जॉब उचलला, गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावला आणि खिडकीच्या उजेडाकडे धरला. मधे उजेडाची रेघ दिसली की गुण गेले. मग तुकडे बसवून बघितले, काढले, फिरवून परत बसवले. चारही बाजूंनी बसायला पाहिजे, एकाच बाजूने बसला तर तो योगायोग म्हणाले. आता कंपनीत नवीन पोरं येतात त्यांचे जॉब मी असेच बघतो.

तिन्हीसांज
दहावीला मराठी शिकवते. २०१९ ला भाषांची तोंडी बंद केली आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. अभ्यासक्रमही त्या वर्षी नवा होता, सगळं खापर तोंडीवर फोडता येणार नाही. पुढच्या वर्षी तोंडीचे २० गुण परत आले. ह्या सगळ्या गदारोळात टीव्हीवर फक्त टक्के. मुलं बोलायला शिकली का, दुसऱ्याचं ऐकून समजतं का, ह्यावर कुणी चर्चा केली नाही ह्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं, आजही वाटतं.

लेखीत जेमतेम पास होणारी एक मुलगी. तोंडीला "तुला जे माहीत आहे त्यावर बोल" म्हटलं, तर ती कांद्याच्या चाळीवर बोलली. खाली हवा खेळायला जागा का ठेवतात, पाऊस आत आला की खालचा थर आधी कसा सडतो, वासावरून आजीला कसं कळतं, मग घाईने विकावा लागतो आणि भाव पडतो. क्रम चोख, एक वाक्य वाया नाही. मी १९ दिले आणि मुख्याध्यापकांना बोलावून तिला पुन्हा बोलायला लावलं.

आडवाट
तिन्हीसांज, तुमच्याकडे होत असेल. आमच्या शाळेत सरसकट १८-१९ वाटले. नाव विचारलं, कविता म्हण म्हणाले, अर्ध्यावर थांबवलं, पुढचा. माझ्या मित्राला अडखळण्याचा त्रास होता, त्याने महिनाभर तयारी केली होती आणि त्याचं कुणी ऐकलंच नाही. गुण मिळाले, पण तो दुखावला गेला.

तिन्हीसांज
आडवाट, हे फार वाईट झालं. तुमच्या मित्राला बोलू द्यायला हवं होतं, लागेल तेवढा वेळ. असं होतं हे मला माहीत आहे. म्हणूनच मी म्हणते, तोंडी काढू नका, नीट घ्या.

सोनचाफा
@काजवा लिंबू चोळून ठेवा थोडा वेळ, नाहीतर व्हिटॅमिन सीची गोळी पाण्यात विरघळवून लावा. ब्लीच नको.

काजवा
थँक्यू सोनचाफा 🙏 लिंबू आहे घरात.

पहिलापाऊस
आमची २०२१ ची दहावीची बॅच. परीक्षाच नाही. नववीचे ५०, दहावीच्या वर्षभराच्या कामाचे ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाचे २०. निकाल ९९.९५ टक्के. लोक अजून चिडवतात, 'तुम्ही काय बुवा, फुकट पास.' घरी एकच फोन, त्यावर मी आणि बहीण दोघी शिकलो. विज्ञानाचे प्रयोग व्हिडिओत बघितले. अकरावीत पहिल्यांदा बन्सन बर्नर पेटवला तेव्हा सरांनी ओळखलं, सगळ्यांना मागे बोलावून दहावीचे प्रयोग आधी करून घेतले, मग पुढे गेले. त्या सरांचे उपकार आहेत.

निळीशाई
पहिलापाऊस, चिडवणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. त्या वर्षी दोघींनी एका फोनवर शिकायचं म्हणजे काय असतं ते आम्हाला कळतं.

मंद्रसप्तक
गाण्यातली विशारद. परीक्षकांनी भूप राग गायला सांगितला, झाला. लगेच म्हणाले, आता देशकार. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. मी भेद सांगायला लागले, भूपात गंधार (ग) वादी म्हणजे मुख्य स्वर, देशकारात धैवत (ध), एक रात्रीचा, एक सकाळचा... त्यांनी हात वर केला. "हे वहीत आहे. गाऊन दाखवा." मग डोळे मिटले, वर षड्जाकडून खाली आले, धैवतावर थांबले. तेवढ्या थांबण्यात देशकार उभा राहिला हे मला स्वतःला पहिल्यांदा ऐकू आलं. इतकी वर्षं गुरुजी सांगत होते ते त्या खोलीत समजलं. परीक्षेत शिकायला मिळणं ह्याहून चांगलं काय!

शेवगा
परीक्षकांना कॉलेजात पोहे द्यायचे की उपमा ह्यावर आमच्या स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं वाद आहे. इंजिनिअरिंगच्या ओरलला दिवसभर बसून घसा बसतो हो त्यांचा. मी म्हणते कोकम सरबत द्या.

गुळपोळी
पोहे. वर खोबरं-कोथिंबीर. विषय संपला.

तुळसकट्टा
एमबीबीएसची लाँग केस, म्हणजे एक पेशंट नीट तपासून परीक्षकांना सांगायचा. मावशींचं पोट तपासायचं होतं. प्लीहा वाढलीय का बघताना हात उजवीकडे खालून सुरू करायचा, कारण फार वाढली असेल तर ती तिरकी तिथपर्यंत येते, आणि डावीकडून सुरू केलं तर कडा सापडतच नाही. मला हे सगळं पाठ होतं. एक्स्टर्नल सरांनी निदान विचारण्याआधी सांगितलं, "तू पडदा ओढलास, त्यांना विचारलंस, हात चोळून गरम केलेस. हे मी आधी लिहिलंय." मावशी अनुभवी, बऱ्याच बॅचा बघितलेल्या. सर वळल्यावर हळूच म्हणाल्या, "बाळा, डावीकडं हाय बघ." मला तोवर सापडली होती, पण त्यांचा जीव माझ्यासाठी तुटत होता. पेढे घेऊन वॉर्डात गेले तर डिस्चार्ज झाला होता.

ओवी
सासूबाईंचं लिहू का? परीक्षाच आहे. मोठ्या माणसांना लिहाय-वाचायला शिकवणारा 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रम, त्याची परीक्षा, १७ मार्च २०२४. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, एकूण १५० गुण. दहा ते पाचच्या मधे कधीही जाऊन बसायची मुभा, त्यामुळे भाकरी-धुणं उरकून बचत गटातल्या सगळ्याजणी मिळून गेल्या. सराव कशावर केला तर बचत गटाच्या वहीवरच, कुणाचा हप्ता किती राहिला ते. शाळेचे छोटे बाक, गुडघे दुखत होते, पण शेवटपर्यंत उठल्या नाहीत. बाहेर आल्यावर पहिलं काय, तर 'माझ्या नावातली वेलांटी बरोबर काढली का मी' म्हणून हातावर काढून दाखवली. बरोबर होती. आता औषधाच्या पाकिटावरची तारीख स्वतः वाचतात आणि जुनं झालं असेल तर मेडिकलवाल्याला परत करतात!

तिन्हीसांज
ओवी, त्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्या शाळेतही केंद्र होतं. पेपर गोळा करताना एका आजींनी पेन्सिल परत द्यायला नकार दिला, 'ही माझी' म्हणून. दिली त्यांना.

दूरदेशी
जर्मनीत जर्मन भाषेची बी-१ पातळीची परीक्षा दिली. वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं, चारही भागांत वेगवेगळे ६० टक्के लागतात. एकात भारी आणि एकात गचाळ असं चालत नाही. बोलण्याला जोडीदार असतो, दोघांनी मिळून काहीतरी ठरवायचं. माझी जोडीदार सीरियाची बाई, खूप घाबरलेली. मी तिला प्रश्न विचारत राहिले, ती उत्तरं देत गेली. दोघी पास. समोरच्याला बोलतं करणं हाही त्या परीक्षेचाच भाग आहे हे मला फार आवडलं.

हातोडीछिन्नी
पाटीवरची ताई, तुमचं परत वाचलं. काड्या कसल्या वापरता? खराट्याच्या असतील तर टोकं लागतात पोरांना. सांगा, सारख्या लांबीच्या कापून, घासून पाठवतो.

पाटीवरची
दादा, खराट्याच्याच आहेत, खरंच टोचतात. बोटभर लांबीच्या पाचशे पुरतील. रबरं माझ्याकडे आहेत. पत्ता निरोपात कळवते.