स्वल्पविराम आणि नवे शब्द एकत्र कसे शिकवायचे?

रामबागेतली ताई: इंदूरला आठवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. मुलं 'इट वॉज रेनिंग, वी स्टॉप्ड' असं बिनधास्त लिहितात. दोन वाक्यं नुसत्या स्वल्पविरामानं जोडणं मराठीत चालतं, इंग्रजीत नाही. शब्दांच्या याद्या तोंडपाठ, पण वाक्यात कायम 'गुड' नाहीतर 'नाइस'. काय करू?

सराफाप्रेमी: ताई, याद्या बंद करा. सराफ्यातली, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातली, रात्र लिहायला द्या. 'क्रिस्प, सिरपी जलेबी': मध्ये 'अँड' घालून बघायचं, बसला की स्वल्पविराम. 'थ्री हॉट जलेबीज'मध्ये तो बसत नाही, म्हणून स्वल्पविरामही नाही. दोन्ही कामं एकाच कढईत!

ग्वाल्हेरकर काका: पावसाच्या वाक्यात 'सो' घालायला लावा, स्वल्पविराम त्याच्या आधी. 'श्वास घेतो तिथे द्या' हे मात्र शिकवू नका, आमच्या पिढीचं त्यानंच वाटोळं केलं. आणि अमेरिकेतल्या मेन राज्याचा किस्सा सांगा. कायद्यातल्या यादीत एक स्वल्पविराम नव्हता. त्यावरून एका दूधकंपनीच्या चालकांनी ओव्हरटाइमचा दावा लावला आणि २०१८ मध्ये कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली.

रामबागेतली ताई: ५० लाख ऐकून मागचा बाकही जागा होईल! पण काका, 'बिकॉज'च्या आधी?

ग्वाल्हेरकर काका: सहसा नाही. 'बिकॉज'नं वाक्य सुरू झालं, तर ते उपवाक्य संपतं तिथे द्या.