पहाटे पाचला उठून गड बांधणाऱ्यांना साष्टांग

रात्रपाथरवट:
काल एका महाशयांनी लिहिलं, "वेळ नाही ही सबब आहे. मी रोज पहाटे पाच ते सात ब्लेंडर या थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरवर बसतो, चौदा महिन्यांत पेशवाईतला वाडा पुरा. वर्षानुवर्षं एकच मॉडेल घोळवणाऱ्यांनी छंद बदलावा." घोळवणारा मीच, म्हणून हा धागा.

2018 ला रायगडाची बाजारपेठ करायला घेतली. जोती झाली, पायऱ्या झाल्या आणि 2019 ला ब्लेंडर 2.80 आलं. जुनं रेंडर इंजिन, म्हणजे मॉडेलचं चित्र काढणारा भाग, काढूनच टाकलेलं. फाइल उघडली तर दगडांच्या मटेरियलची वाट लागली होती, ते परत बसवण्यात एक अख्खा पावसाळा गेला. मग मुलगी झाली. मग वडिलांचं डायलिसिस, आठवड्यातून तीनदा. आता रात्री साडेअकराला गादीवर पोळपाट आणि पोळपाटावर लॅपटॉप, नाहीतर तापून त्याचा पंखा असा घरघरतो की पोरगी उठते. एखाद्या रात्री एकच दगड सरकतो. म्हणा सबब.

पहाटपाचे:
माझ्यावर धागा काढलात, आभारी आहे! पण साधा हिशेब करा: रोज दोन तास म्हणजे वर्षाचे 730. पेंगत दगड सरकवण्याला काम म्हणत नाहीत. आणि अख्खी बाजारपेठ अंगावर घ्यायला सांगितलं कोणी? एक बुरूज घ्या, संपवा, पुढे चला.

नाशिकची काकू:
पाच ते सात तुमच्या घरी दूध कोण तापवतं? डबे कोण भरतं? आमच्या नळाला पाणी येतंच साडेपाचला. मी माहेरचं घर स्केचअपमध्ये करतेय, अकरा वर्षं झाली, फक्त दिवाळीत आणि मे महिन्यात. माजघराच्या पुढे गेलेली नाही.
(पाथरवट, पोळपाट सकाळी जागेवर ठेवता ना?)

पहाटपाचे:
बायको उठते. तिची काही तक्रार नाही.

नाशिकची काकू:
तक्रार करायला तरी पाच ते सातमध्ये वेळ मिळाला पाहिजे ना तिला.

टिंब:
जरा विषयांतर. पहाटपाच्यांचा वाडा पाहिला. पेशवाईतला म्हणे, आणि वर मंगलोरी कौलं! बासेल मिशनचा कौलांचा कारखाना मंगळुरात निघाला 1865 ला. पेशवाई बुडाली 1818 ला. चौदा महिन्यांत एवढं बघायला सवड झाली नाही?

पहाटपाचे:
कौल ते कौल. बघणाऱ्याला काय कळतंय!

राजापूरकर:
कौल ते कौल?? आजोळी नळीची कौलं होती. पावसाच्या तोंडावर घर परतायचं, म्हणजे कौलं काढून पुन्हा बसवायची, मामा वर, गडी शिडीवर, खाली मी कौलं द्यायला. एक ओळ उताणी, दोन ओळींच्या फटीवर तिसरी पालथी, सगळं नुसत्या वजनावर. वानरांनी एक उडी मारली की रात्रभर घरात पातेली मांडून बसायचं. एक कौल दुसऱ्यासारखं नसायचं. तुम्ही एकच कौल हजारदा चिकटवलंय, आणि तेही चुकीचं.

टिंब:
देशावरच्या घरांना तर कौलंही नसायची बरेचदा. धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, असायचं. पाथरवटांनी रायगडावर धाबंच घालावं.

राजापूरकर:
रायगड महाडजवळ आहे हो, सोलापुरात नाही! तिथल्या पावसात मातीचं धाबं? मृगात घालाल, आर्द्रा संपायच्या आत डोक्यावर येईल. घाटावर बसून कोकणातली छपरं ठरवू नका.

टिंब:
सगळी अक्कल घाटाखालीच वाटली होती वाटतं.

रात्रपाथरवट:
भांडू नका, माझंही तिथेच अडलंय. 1818 च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफा डागल्या, गडावर आग लागली. बाजारपेठेत आज जोती आणि भिंती तेवढ्या उरल्यात. वर काय होतं हे पटेपर्यंत छप्पर घालवत नाही. दोन वर्षं उघडंच ठेवलंय.

पहाटपाचे:
थांबायला फर्मास कारण सापडलंय. असो. माझी कौलं चुकली, मान्य. उद्या पाचला बदलायला बसतो, काकूंची परवानगी असेल तर.

नाशिकची काकू:
आधी दूध तापवा.

रात्रपाथरवट:
राजापूरकर, ती जुनी कौलं आहेत का कुठे अजून? लांबी, दोन्ही टोकांची रुंदी आणि जाडी हवी होती.

राजापूरकर:
आत्याच्या पडवीवर आहेत थोडी. गणपतीला गेलो की मोजून कळवतो. घाई नाही ना?

रात्रपाथरवट:
छे हो.