एकच १०,००० आरपीएमची (मिनिटाला इतके फेरे घेणारी) डिस्क की ७,२०० च्या दोन डिस्कची रेड ० (डेटा तुकड्या-तुकड्यांनी दोन्हींवर वाटणारी जोडी)?

तबकडी:
एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) परवडत असेल तर प्रश्नच मिटला, म्हणून ती बाजूला ठेवून बोलू. ऑपरेटिंग सिस्टिमसाठी माझं मत एकाच वेगवान डिस्कला. ७,२०० आरपीएमचा एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांचा. हवा तो सेक्टर (डेटाचा छोटा कप्पा) हेडखाली (वाचणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७. दहा हजारीला ३. हेड सरकायला साधारण ८.५ आणि ४.५ धरा. बेरीज १२.७ विरुद्ध ७.५. जोडीला दुसरी डिस्क आली म्हणून पहिलीचं हेड लवकर पोचत नाही.

पट्टेरी:
आकडे बरोबर, निष्कर्ष अर्धा. या हिशोबाने दहा हजारी सेकंदाला वाचण्या-लिहिण्याच्या १३३ विनंत्या उरकते, साधी ७९. पण विनंत्या रांगेत साचल्या असतील तर दोन साध्या डिस्क वेगवेगळ्या विनंत्या एकाच वेळी घेतात आणि १५८ पर्यंत जातात. सलग वाचनाचं तर विचारूच नका. सेकंदाला १५० एमबी देणाऱ्या डिस्कवर ५० जीबीचा व्हिडिओ वाचायला साडेपाच मिनिटं लागतात, जोडीवर पावणेतीन.

तबकडी:
व्हिडिओबद्दल वाद नाही. पण प्रोग्रॅम उघडताना एक फाइल वाचल्याशिवाय पुढची कोणती हवी ते कळत नाही, मग रांग साचणार कुठून? शिवाय स्ट्राइप (एका वेळी एका डिस्कवर जाणारा तुकडा) १६ केबीची असेल तर ६४ केबीची एक विनंती दोन्ही डिस्कना हलवते. त्यांचं फिरणं एकमेकींशी जुळलेलं नसतं. जी उशिरा पोचेल तिच्यासाठी थांबायचं, म्हणजे सरासरी अर्ध्याऐवजी दोन तृतीयांश फेरा: ५.५६ मिलिसेकंद. इथे रेड ० एकट्या साध्या डिस्कपेक्षाही मागे पडते!

पट्टेरी:
तो दोष १६ केबीचा. स्ट्राइप २५६ केबी ठेवा, लहान विनंत्या बहुतेक एकाच डिस्कवर भागतात. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये काही न सांगता ५१२ केबीच मिळते. पार्टिशन १ एमबीच्या पटीत सुरू करा, नाहीतर विनंत्या विनाकारण सीमा ओलांडतात.

सेक्टर६३:
दोघेही वेगावर अडलात. एक डिस्क वर्षात जायची शक्यता ३ टक्के धरली, तर दोनपैकी एखादी जायची ५.९ टक्के होते आणि गेली की निम्मा नाही, जवळपास सगळाच डेटा जातो. १९८८ च्या बर्कलीच्या मूळ निबंधात रेडच्या पातळ्या १ ते ५ होत्या. शून्य नंतर चिकटला, कारण त्यात जादा प्रत नसतेच.

डिस्क धडधाकट असूनही अ‍ॅरे (रेडने जोडलेला डिस्कचा संच) तुटतो, तेही ऐका. डेस्कटॉप डिस्क एखाद्या खराब सेक्टरशी बराच वेळ झगडत बसते, रेड सांभाळणारा हार्डवेअर कंट्रोलर काही सेकंद वाट पाहून तिला बाहेर काढतो. सुमारे ७ सेकंदांत माघार घेणाऱ्या डिस्कच घ्या. मदरबोर्डवरची रेड असेल तर मदरबोर्डची छोटी बॅटरी बदलल्यावर साटा मोड (डिस्क हाताळायची पद्धत) एएचसीआयवर, म्हणजे सुट्या डिस्कच्या पद्धतीवर, परततो आणि विंडोज ‘इनिशियलाइज’ (डिस्क नव्याने मांडू का) विचारतं. तिथे हो म्हणू नका. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन मोड परत रेडवर आणा.

पट्टेरी:
मान्य. मूळ फुटेज वेगळ्या डिस्कवर, अ‍ॅरेवर फक्त कामाच्या प्रती. पण त्या कामाला जोडीच.

तबकडी:
मग विकत घेण्याआधी नेहमीचं काम चालू असताना डिस्कच्या रांगेची सरासरी लांबी बघा. लिनक्सवर आयओस्टॅट, विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटर. एकच्या आसपास आणि फाइली लहान, तर दहा हजारी. चारच्या वर राहत असेल तर पट्टेरींचं ऐका.