अंजनेरीच्या सड्यावर झाडं लावावीत का? पहार चार बोटांवरच अडली

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. मी नाशिकरोडला राहते, अकरा वर्षं झाली, दर श्रावणात अंजनेरी चढते. यंदा आमच्या सोसायटीनं माथ्यावर २०० रोपं लावायचं ठरवलंय. वड, पिंपळ, कडुनिंब. वर्गणी जमली, रोपवाटिकेत सांगूनही झालं. रविवारी मी आणि धाकटे दीर जागा बघायला गेलो. अंजनीमातेच्या देवळाच्या अलीकडे पहार मारली, तर चार बोटांवर ठण्ण! दहा पावलं सरकून मारली, तिथंही तेच.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. घळीतून चढताना जांभूळ, आंबा, अंजन, अंगावर ऊन येत नाही. पुढे तिरक्या उतारावर कारवीची झुडपंच झुडपं. आणि सड्यावर, म्हणजे माथ्याच्या सपाट कातळावर, पाय ठेवला की एकदम गवत. एका सकाळच्या चढणीत तीन मुलूख. दीर म्हणतात, उंचीवरच्या थंडीमुळे, हिमालयासारखं. मला पटत नाही. आणि मुख्य म्हणजे, रोपं जगतील का?

कातळवेडा:
ताई, थंडीचा हिशोब मांडून बघा. हजार मीटर चढलं की पारा साधारण सहा अंशांनी उतरतो. नाशिक ६०० मीटरच्या आसपास, अंजनेरीचा माथा १३००. फरक जेमतेम चार अंश. हिमालयात झाडांची हद्द साडेतीन-चार हजार मीटरवर संपते, आपल्या जिल्ह्यातलं सर्वात उंच साल्हेरसुद्धा १५६७ मीटर. तेव्हा थंडी नाही, मातीच. तुमच्या पहारेनं ते सांगितलंच आहे.

सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झाला. कठीण थराचा कडा आणि सडा होतो, मऊ थर झिजून त्याची पायरी होते. वरची माती पावसानं वाहून घळीत आणि पायऱ्यांवर साठते, पाझरही तिथंच फुटतात, म्हणून जांभूळ तिथं. सड्यावर मात्र पावसाळ्यात पाणी तुंबून मुळं कुजतात आणि दिवाळीनंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो. चार महिने दलदल, आठ महिने वाळवंट. एवढं सोसणारं झाड कुठलं आणायचं?

पण सडा उजाड नाही हो. भाद्रपदात गुडघे टेकून बघा. पांढऱ्या गेंदाची फुलं दिसतील, त्यांच्यात सीतेची आसवं, निळी-जांभळी, नखाएवढी. त्या मातीत नत्र जवळपास नसतंच, म्हणून आसवांचं हे झाड बुडाशी बारीक फुगे ठेवतं आणि पाण्यातले सूक्ष्म जीव त्यात ओढून घेतं. अंजनेरीचं नाव मिळालेलं कंदीलपुष्पही इथलंच, फार थोडं उरलंय. पावसाळा सरला की वर काही दिसत नाही, कंद जमिनीत झोपलेला असतो. तुम्ही खड्डा खणाल तो नेमका त्याच्यावर. कृपा करून खणू नका. आणि वनखात्याला विचारल्याशिवाय तिथं काही लावताही येत नाही.

पाड्यावरचा:
कातळवेडा सर बोलले ते बरोबर. आम्ही त्र्यंबकच्या बाजूचे. आमची म्हातारी माणसं नागली-वरईसुद्धा सड्यावर कधी पेरत नव्हती, वीतभर माती असंल तिथंच. एक गोष्ट राहिली पण. वणवा. उन्हाळ्यात गवत पेटवलं तर पावसात ते मुळातून परत फुटतं, पण झाडाचं पोर जळून जातं. आणि गुरं. उतारावर जिथं झाड येऊ शकतं तिथंबी या दोन गोष्टींनी येत नाही. कारवी मात्र टिकते. सात वर्षांनी फुलते, बी टाकते आणि मरते. कुडाच्या भिंतींना तीच लागते आम्हाला, आणि माती धरून ठेवते.

शिवडीकर:
मी सिन्नर तालुक्यातला. पाऊसही मोजा. इगतपुरीत ३००० मिलिमीटरच्या वर, नाशिक शहरात ७०० च्या आसपास, मधे पन्नासेक किलोमीटरसुद्धा नाहीत. घाटमाथा ढग अडवतो, मग आमच्याकडे उरतं काय? टेकड्यांवर निवडुंग, हिवर, खैर. एकाच टेकडीवरही दक्षिणेकडची बाजू हिवाळ्यापासून उन्हात भाजते, उत्तरेकडे ओल जास्त दिवस टिकते. आमच्या गावात एका संस्थेनं दक्षिण उतारावर रोपं लावली, फोटो झाले, पुढच्या चैत्रात नुसत्या काठ्या उभ्या होत्या. उत्तर बाजूला गावातल्या पोरांनी गुरं आवरली, काहीच लावलं नाही, तर धावडा आपोआप उठला.

गोदाकाठची:
तिघांचे मनापासून आभार. काल बैठकीत पहारेची गोष्ट सांगितली, सरांचं उत्तर वाचून दाखवलं. थोडी नाराजी झाली, वर्गणीचा प्रश्न आलाच, पण सड्यावरचा कार्यक्रम रद्द. रोपवाटिकावाले वड-पिंपळ बदलून जांभूळ, हिरडा, उंबर द्यायला तयार आहेत. परवानगीचा अर्ज सोमवारी देणार, पायथ्याच्या ओहोळाकाठासाठी.

पाड्यावरचे दादा, तुमच्याकडे हिरड्याचं बी कोणत्या महिन्यात गोळा करतात? रोपापेक्षा बी टोकलेलं बरं का? आणि दिरांना भाद्रपदात गेंद दाखवायला नेणार आहे, कुणी सोबत येणार असेल तर सांगा.