मदत हवी आहे: स्प्रिंग एअर रायफलचा झिरो (नेम धरला तिथेच छर्रा लागणं) टिकत नाही, छर्रे बदलू की स्कोप? (इंदूर)

राऊकर

नमस्कार मंडळी. राऊच्या बाजूला शेतावरच्या गोदामात कागदी टार्गेटवर सराव चालतो, जागा 25 मीटर. रायफल 4.5 मिमीची, नळी मोडून भरायची, स्प्रिंगवाली. 0.547 ग्रॅमचा (8.44 ग्रेन) गोल डोक्याचा छर्रा क्रोनोग्राफवर (वेग मोजायचं यंत्र) सेकंदाला 198 मीटर दाखवतो. स्कोप 3-9×32, पुढची भिंग-रिंग फिरवून अंतर लावता येत नाही. माउंट (स्कोप धरणारी पकड) दोन तुकड्यांचा, 11 मिमी डव्हटेलवर (रायफलीवरची माउंट बसवायची खाच).

त्रास असा:

1. 20 मीटरवर 10 छऱ्यांचा ग्रुप (भोकांचा पसारा) 55 ते 60 मिमी. तोही जागेवर राहत नाही, पंधरा-वीस छऱ्यांत वर नाहीतर खाली सरकतो.
2. 10 मीटरवर बरोबर मध्यात बसवला की 20 वर तोच छर्रा 17 मिमी वर लागतो. लांब गेल्यावर खाली पडायला हवा ना?
3. 10 वर मध्यात आणताना 'अप'चा टरेट (स्कोपवरची निशाण वर-खाली करायची घुंडी) जवळजवळ संपला. पाच-सहा क्लिक उरलेत.

दुकानदाराचं म्हणणं, "छर्रे महाग घ्या, सगळं ठीक होईल." डबा घेण्याआधी विचारतोय. उद्देश फक्त कागद.

मल्हारगंजी

डबा नंतर घ्या. आधी पाना काढा.

स्प्रिंग रायफलमध्ये ढिला स्क्रू हा पहिला संशयित. दस्त्याच्या पुढच्या भागाचे दोन बाजूचे स्क्रू आणि ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू, हे तीन बघा. नवीन लाकूड दबतं म्हणून पहिल्या 500 छऱ्यांत पुन्हापुन्हा ढिले होतात. पेचकस स्क्रूच्या खाचेत घट्ट बसणारा घ्या, नाहीतर स्क्रूचं डोकं खाल. निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) एकेक थेंब पुरतं. लाल लावू नका, पुढच्या वेळी उघडताना रडाल.

मग नळीचा सांधा. रायफल कॉक न करता नळी डावी-उजवी हलवून बघा. केसभर जरी हलली तरी पिव्हटचा बोल्ट आवळायला हवा. नळी उघडल्यावर स्वतःच्या वजनाने खाली पडू नये, जिथे सोडाल तिथे थांबावी.

तिसरं ब्रीच सील, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी हवा अडवणारी रिंग. टिश्यू पेपरची पट्टी सांध्यावर ठेवून एक छर्रा मारा (रिकामी रायफल कधीच नाही, पिस्टन नुसता आपटतो). पट्टी उडाली तर हवा गळतेय.

वेध

राऊकर, तुमचा दुसरा मुद्दा दोष नाहीच, साधी भूमिती आहे.

स्कोपचा मध्य नळीच्या मध्यापेक्षा साधारण 45 मिमी वर असतो. म्हणजे छर्रा नजरेच्या रेषेखालून निघतो, वर चढत रेषा गाठतो आणि पुढे परत खाली येतो. 10 मीटरवर रेषा गाठायची तर नळी जास्त वर करावी लागते, म्हणून 20 वर तो अजून रेषेच्या वरच असतो. तुमच्या वेगाला हा फरक 17 मिमीच्या आसपासच येतो. तुम्ही मोजलंय ते चोख.

झिरो 20 वर करा. मग 15 वर छर्रा जवळपास मध्यातच लागेल, 10 वर 8-9 मिमी खाली, 5 वर सव्वादोन सेमी खाली, आणि कधी 30 मीटर जागा मिळालीच तर अडीच सेमी खाली.

पाव मिनिटाचा (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) क्लिक 100 मीटरवर 7.3 मिमी हलवतो, 20 वर 1.45 मिमी. 17 मिमी म्हणजे 12 क्लिक 'डाउन'. बाण छर्रा कुठे जाईल ते दाखवतो, काटा (स्कोपमधली नेमाची खूण) कुठे जाईल ते नव्हे. निम्मे लोक इथेच उलटे फिरवतात.

आता तिसरा मुद्दा. खरी मेख तिथेच आहे. टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती क्लिक फिरतो ते मोजून सांगा.

राऊकर

स्क्रू आवळले. पुढचा डावा स्क्रू पाऊण फेरा ढिला होता. नळी हलत नाही, पट्टी उडत नाही. टरेट टोकापासून टोकापर्यंत 230 क्लिक. 20 वर झिरो केल्यावर 'अप'च्या बाजूला 18 उरतात. ग्रुप 45 मिमीवर आला, पण सरकणं सुरूच.

वेध

सापडलं. स्कोपच्या आत काटा असलेली बारीक नळी असते. वरून टरेट तिला दाबतो आणि खालून एक छोटी स्प्रिंग टरेटकडे ढकलत ठेवते. टरेट 'अप'च्या टोकाला नेला की ती स्प्रिंग सैल पडते. प्रत्येक धक्क्याला आतली नळी जागा सोडते आणि नवीनच जागी बसते. झिरो सरकतो तो असा. महाग छर्रे घेऊन स्प्रिंग ताठ होणार नाही.

टरेट इतका वर न्यावा लागला याचं कारण नळीचा झुकाव. मोडणाऱ्या नळीच्या रायफलीत नळीचं तोंड डव्हटेलच्या रेषेपेक्षा किंचित खाली असणं नेहमीचंच. तुम्हाला मधल्या 115 क्लिकपर्यंत परत यायचंय, म्हणजे 97 क्लिक. दोन रिंगांत 100 मिमी अंतर धरलं तर मागची रिंग 0.7 मिमी उचलायला हवी.

कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण 0.1 मिमी. मागच्या रिंगेत स्कोपखाली एक पट्टी घातली की सुमारे 14 क्लिक परत मिळतात. दोन पट्ट्या ठीक. सात घातल्या तर स्कोपची नळी रिंगेत वाकेल किंवा चेपेल. म्हणून झुकाव भरून काढणारा किंवा मागून उंची बदलता येणारा माउंट घ्या. अगदी मध्यावर येण्याचा हट्ट नको, 60-70 क्लिक उरले तरी भागतं.

मल्हारगंजी

आणि माउंट एका तुकड्याचा, स्टॉप पिनवाला. स्प्रिंग रायफलचा धक्का दोन बाजूंनी असतो: पिस्टन पुढे पळतो तेव्हा रायफल मागे येते, तो आपटला की पुढे झटकते. साधा माउंट या खेचाखेचीत डव्हटेलवर मागे सरकत जातो. डव्हटेलच्या मागच्या टोकाला वरून एक भोक असेल, पिन त्यात उतरली पाहिजे. नुसती टेकवून ठेवू नका. माउंटच्या पुढच्या काठाला लागून पेन्सिलीने बारीक रेघ मारा. 50 छऱ्यांनंतर रेघ आणि माउंटमध्ये फट दिसली तर पिन बसलेली नाही.

रिंगांचे स्क्रू आडवे-तिरपे, थोडे थोडे आवळा. स्कोपवर 'एअर रायफलसाठी' लिहिलेलं नसेल तर दोन्हीकडचा धक्का सोसण्याची खात्री नाही. पुढची रिंग फिरवून 10 मीटरपर्यंत अंतर लावता येत असेल तर उत्तम. साध्या स्कोपचं अंतर बहुधा 100 यार्डांवर पक्कं केलेलं असतं. 20 मीटरवर डोळा थोडा सरकला की काटा टार्गेटवर सरकतो. तूर्त उपाय एकच, गाल दरवेळी त्याच जागी टेकवा.

जेलरोडवाला

माउंट झाला की छर्रे. तिथेही दुकानदार म्हणतो तसं किमतीवर जाऊ नका, नळीला काय आवडतं ते बघा.

20 मीटरसाठी दोन आकार पुरे: चपट्या डोक्याचा मॅच आणि गोल डोक्याचा. चपटा कागदाला गोल, स्वच्छ भोक पाडतो, गुण मोजायला बरा. 25 च्या पुढे तो लवकर मंदावतो, तिथे गोल. टोकदार छर्रा डब्यावर छान दिसतो, ग्रुपमध्ये नाही. हलक्या मिश्रधातूचे छर्रे वेगाचा आकडा फुगवायला बनतात, या कामाचे नाहीत. आणि स्टीलचे गोल बीबी आटे (आतल्या पिळाच्या खाचा) असलेल्या नळीत कधीही नाही, आटे खरवडून निघतात.

तीन डबे आणा: एच अँड एन फिनाले मॅच 0.53 ग्रॅमचा, आरडब्ल्यूएस आर10 0.53 चा आणि जेएसबी एक्झॅक्ट 8.44. एच अँड एनमध्ये डोक्याचा व्यास 4.49, 4.50, 4.51 असा मिळतो, 4.50 पासून सुरू करा. अंगठ्याने छर्रा नळीत बसवताना हलका अडला पाहिजे आणि काठ सपाट बसला पाहिजे. आपसूक आत घसरला तर बारीक, रेटावा लागला तर मोठा.

डबा स्कूटरच्या डिक्कीत आणू नका. छोट्या खड्ड्यांनीही छर्रे एकमेकांवर आपटून त्यांचे घाघरे (मागचा पातळ, पसरट भाग) चेपतात. काचेवर एकेक लोळवून बघा, चांगला छर्रा एकसारख्या वळणात फिरतो, चेपलेला लचकत जातो. वजन करायचं असेल तर सराफ्यातला मिलिग्रॅमचा काटा लागेल. स्वयंपाकघरातला उपयोगाचा नाही.

पहिल्यांदा नळी ब्रीचकडून कोरड्या कापडाने चार-पाच वेळा ओढून पुसा. नळीत किंवा पिस्टनच्या भोकात तेल घालू नका. ते दाबाखाली पेटतं, धूर आणि ठो आवाज येतो, वेग वरखाली होतो, ग्रुप उभा लांबतो आणि सील जळतं. ब्रँड बदलला की पहिले 15 छर्रे मोजायचे नाहीत, नळीत नव्या शिशाचा थर बसू द्या. मग प्रत्येकाचे 10 छऱ्यांचे दोन ग्रुप. तीन छऱ्यांचा ग्रुप फक्त फोटोसाठी. मोजताना सगळ्यात लांबच्या दोन भोकांचं बाहेरून बाहेर अंतर घ्या आणि त्यातून 4.5 वजा करा.

महूवाला

एक राहिलं, पकड. पुढचा दस्ता थेट वाळूच्या पिशवीवर ठेवू नका. पिशवीवर तळहात उघडा ठेवा, त्यावर रायफल, बोटं न आवळता. खांद्याला नुसती टेकलेली. छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत रायफल हललेली असते, म्हणून ती दरवेळी सारखीच हलू द्यायची. हात दरवेळी एकाच जागी यावा यासाठी दस्त्याखाली चिकटपट्टीची खूण करा. जागा दोन बोटं बदलली तरी ग्रुप दुसरीकडे जातो.

गोदामात मागे काय आहे? वीट, पत्रा, फळी असेल तर छर्रा उलटा येतो. जुन्या कपड्यांनी 20 सेमी ठासून भरलेला, समोरून उघडा लाकडी खोका आणि त्यामागे 3 मिमीची लोखंडी प्लेट ठेवा. चष्मा हवाच, बघणाऱ्यालाही. छर्रा भरताना दुसऱ्या हाताने नळी धरून ठेवा. ट्रिगर सुटला तर नळी बोटं घेऊन वर येते. शेवटी साबणाने हात धुवा, शिसं आहे.

4.5 मिमी आणि 20 जूलच्या आतल्या एअर रायफलला 2016 च्या नियमांत परवाना लागत नाही (तुमची 10.7 जूल येते). त्याचा अर्थ पाखरं मारायला मोकळीक असा लावणाऱ्यांसाठी: 1972 चा वन्यजीव कायदा आहे.

राऊकर

एका तुकड्याचा, मागून उंची बदलणारा माउंट लावला, पिन भोकात उतरवली. 'अप'ला आता 96 क्लिक उरतात. 20 मीटर, दोन-दोन ग्रुप: आर10 चे 31 आणि 28 मिमी, गोल डोक्याच्या 8.44 चे 24 आणि 26, फिनाले मॅच 4.50 चे 19 आणि 21. एवढ्या छऱ्यांनंतरही रेघेला फट नाही, मध्यही जागेवर. उघडा तळहात सोडून दस्ता पिशवीवर टेकवला तर तोच मॅच छर्रा 14 मिमी वर गेला.

वेध

मग फिनाले मॅचच ठेवा, त्याच व्यासाचे आणि एकाच लॉटचे चार-पाच डबे एकदम घ्या. लॉट क्रमांक डब्यामागे असतो. आता 10, 15 आणि 25 वर एकेक ग्रुप मारून वर-खालीचे मिमी कागदावर लिहा आणि तो कागद दस्त्याला चिकटवा, माझे आकडे 8.44 चे होते. टरेटवर पांढऱ्या रंगाचा ठिपका द्या. डिसेंबरच्या सकाळी आतलं ग्रीस घट्ट होतं, पहिले दहा छर्रे खाली गेले तर टरेटला हात लावू नका.