मदत हवी आहे: ब्रेक स्पंजी लागतोय, हवा काढूनही फरक नाही

लालगाडी
रविवारी सकाळी रॅली आहे आणि ब्रेकचं पेडल अजून मऊच. पाय दिला की अर्ध्याच्या खाली जातं आणि तिथे रबरावर पाय ठेवल्यासारखं लागतं. चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढून झाली, लिटरभर ब्रेक ऑइल वाया गेलं, नळीत आता एकही बुडबुडा येत नाही. गळती कुठेच नाही. मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) रबरांचं किटसुद्धा नवीन टाकलं. मिस्त्री म्हणतो, जुन्या गाडीचा ब्रेक असाच असतो. असाच नसतो, आधी कडक होता. जाणकारांनी लवकर सांगा, अजून काय बघायचं? 'एखाद्या चांगल्या गॅरेजला दाखवा' हा सल्ला नको.

पानाचौदा
गाडी कोणती?

लालगाडी
एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६७, टप काढता येणारी. सगळं ओरिजिनल.

पानाचौदा
'सगळं ओरिजिनल' एवढ्यावर काही कळत नाही. सर्वो (पायाचा जोर वाढवणारा) बसवलाय का? ऑइल डॉट ४ की सिलिकॉन? होज पाइप रबरी की स्टीलच्या जाळीचे? पेडल एकदा मारून मऊ आणि लगेच दुसऱ्यांदा मारलं तर वर येतं का? पाय दाबून धरला तर पेडल हळूहळू खाली सरकतं का? आणि हे सुरू होण्याच्या आधी गाडीचं कोणतं काम झालं होतं? शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

डॉटपाच
मुंबईच्या दमट हवेत डॉट ४ ठेवायचंच कशाला? ते हवेतलं पाणी शोषतं. नवीन असताना किमान २३० अंशांना उकळणारं ऑइल पाणी प्यायलं की १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. शिवाय सांडलं तर रंग खातं. पूर्ण सिस्टिम धुऊन सिलिकॉन, म्हणजे डॉट ५ भरा. पाणी शोषत नाही, रंगाला धक्का नाही. रॅलीची गाडी पावसाळाभर उभी असते, तिला हेच बरं.

पानाचौदा
@डॉटपाच, स्पंजी पेडलवर सिलिकॉनचा उपाय? सिलिकॉन ऑइलमध्ये बारीक हवा अडकून राहते, बाटली हलवून ओतलं तर तासन्‌तास बसत नाही. शिवाय ते थोडं दबतंही. उत्तम भरलेल्या गाडीतही पेडल डॉट ४ पेक्षा किंचित मऊच लागतं. आणि आत गेलेलं पाणी त्यात विरघळत नाही, सगळ्यात खालच्या जागी म्हणजे कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागात) साचतं आणि तिथेच गंज धरतो. डॉट ४ दर दोन वर्षांनी बदललं, उघडी बाटली पुन्हा वापरली नाही, तर मुंबईतही काही होत नाही. दोन्ही एकत्र मात्र कधीच करू नका.

डॉटपाच
दर दोन वर्षांनी कोण बदलतंय ते सांगा.

निपलनाना
कॅलिपर काढले होते का? डावा-उजवा अदलाबदल झाला की हवा काढायचं निपल खाली येतं आणि वरची हवा आतच राहते. पाच लिटर ऑइल ओता, नळीत बुडबुडा दिसणार नाही आणि पेडल तसंच. निपल सगळ्यात वर आहे ना, आधी ते डोळ्यांनी बघा.
दुसरं, व्हॅक्यूम पंपाने हवा काढत असाल तर ढिल्या निपलच्या आट्यांमधूनही हवा ओढली जाते. म्हणजे बुडबुडे थांबतच नाहीत. आट्यांना टेफ्लॉन टेप लावा, टोकाला नाही. पेडल मारून काढत असाल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबर एरवी जात नाही तिथे गंज असतो, पूर्ण दाबलं की नवीन किटचं रबर फाटतं. आणि सुरुवात मागच्या लांबच्या चाकापासून, जवळचं सगळ्यात शेवटी.

लालगाडी
कॅलिपरना हात लावलेला नाही, निपल वरच आहेत. सर्वो नाही. डॉट ४. होज रबरी. लागोपाठ मारलं तर पेडल थोडं वर येतं, पण मऊपणा जात नाही. दाबून धरलं तर जागेवर राहतं. मागचे लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) बदलले आणि ड्रम (चाकासोबत फिरणारे, लायनर आतून टेकतात ते) लेथवर घासून घेतले होते, पण ते काम ब्रेक ऑइलचं नाही, त्याचा काय संबंध?

पानाचौदा
संबंध आहे. सगळाच तिथे असू शकतो.

कॅलिपरकर
समोरची चाकं धरून वर-खाली हलवून बघा. बेअरिंगला खेळ (सैलपणा) असेल तर डिस्क पॅडना आत ढकलते आणि पहिल्या वेळी पेडल खाली जातं. एमजीबीच्या पुढच्या हबमध्ये टेपर रोलर बेअरिंगच्या मध्ये स्पेसर (अंतर ठेवणारी नळी) आणि शिम (पातळ चकत्या) असतात. खेळ ०.००२ ते ०.००४ इंच हवा. बरेच मिस्त्री स्पेसर काढून फेकतात आणि नट अंदाजाने आवळतात.

सूतभर
पेडल जागेवर राहतंय म्हणजे मास्टर सिलिंडरचं रबर धरतंय. पुढचा अंदाज कशाला, सिस्टिमचे तुकडे करून पाहा. या गाडीला तीन रबरी होज आहेत, पुढे दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलला एक. गोल, गुळगुळीत जबड्यांचे होज क्लॅम्प ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे मिळतील. दातेरी पक्कड लावू नका, रबर आतून चिरतं. जाळीच्या होजला तर क्लॅम्प लावायचाच नाही. तिन्ही दाबा आणि पेडल मारा. दगडासारखं कडक झालं तर मास्टर सिलिंडर आणि तिथपर्यंतची लाइन निर्दोष. मग एकेक सोडा. जो सोडल्यावर मऊ होईल, दोष त्याच्या पलीकडे.
याच्याही आधी एक फुकटची चाचणी. हँडब्रेक पूर्ण ओढा आणि पेडल मारा. पेडलची उंची वाढली तर मागचे शू (लायनर लावलेल्या कमानी) आणि ड्रम यांच्यात जास्त अंतर आहे. उंची वाढूनही मऊ राहिलं, तर शू ड्रमला नीट टेकतच नाहीत.

अवांतरवाला
अवांतर: गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आहे, तेव्हा व्हिंटेज नोंदणी करून घ्या. २०२१ च्या नियमांनुसार नंबरात व्हीए येतं, नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल नसावा.

डॉटपाच
@अवांतरवाला, पण मग ती रोज रस्त्यावर काढता येते का?

अवांतरवाला
नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच.

पानाचौदा
नंबराचा वेगळा धागा काढा.

लालगाडी
हँडब्रेक ओढला, पेडल बरंच वर आलं, तरी मऊच. क्लॅम्प आणले. तिन्ही दाबल्यावर कडक. पुढचे दोन सोडले, कडकच. मागचा सोडला की मऊ. होज दाबून पाहिला, फुगत नाही. म्हणजे मागची हवा पुन्हा काढू?

सूतभर
हवा नका काढू! ड्रम काढा.
तुमचा ड्रम दहा इंची. लेथवर घेतला की आतला व्यास वाढतो, पण नवीन लायनरचा शू मूळ व्यासाच्या गोलाईचाच राहतो. लहान गोलाईचा शू मोठ्या ड्रमला फक्त मध्यभागी टेकतो. पाय दिला की टोकं ड्रमपर्यंत पोचेस्तोवर शू वाकत राहतो, आणि ते वाकणंच तुम्हाला पायाखाली लागतंय. हवा असली तर ती निघते, शूचं वाकणं कितीही ऑइल ओतलं तरी निघत नाही.
तपासायला लायनरवर खडू फासा. ड्रम बसवा, अ‍ॅडजस्टर हलका आवळा, चाक हाताने थोडं फिरवा आणि ड्रम काढून पाहा. खडू कुठे पुसला गेलाय?
आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. पाणी शिंपडून ओल्या फडक्याने पुसा, मास्क लावा.

लालगाडी
मधला तीन-चार बोटं पट्टा पुसलाय, दोन्ही टोकांना खडू जसाच्या तसा. चारही शूंचं तेच. आता?

निपलनाना
ड्रमच्या आत ८० नंबरचा एमरी पेपर चिकटवा आणि शू हाताने घासा. तासाभराचं काम.

सूतभर
तासाभराचं नाही, आणि कागदाच्या जाडीमुळे शू पुन्हा ड्रमपेक्षा किंचित लहान गोलाईचा होतो. शेवटचा हात म्हणून ठीक. मुख्य घासणी लायनरवाल्याकडे ग्राइंडरवर करून घ्या. सोबत ड्रम न्या, त्याचा व्यास मोजूनच शू घासायला सांगा, 'साधारण' नको. दोन्ही ड्रमचे व्यास सारखे आहेत का तेही तिथेच मोजा. वेगळे असतील तर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढेल. लायनरची जाडी फार उतरणार असेल तर जाड लायनर लावून मग घासायचे.
बसवताना मागच्या प्लेटवरच्या अ‍ॅडजस्टरला, म्हणजे दोन सूत चौकोनी डोक्याच्या स्क्रूला, आधी गंज सोडवणारं तेल मारा. साधा पाना डोकं गोल करतो, बरोबर बसणाराच वापरा. चाक जाम होईपर्यंत आवळा, पेडल दोनदा जोरात मारा म्हणजे शू मध्यभागी बसतील, पुन्हा आवळा आणि मग चाक मोकळं फिरेपर्यंत एक टक मागे घ्या.

लालगाडी
म्हणजे मिस्त्रीने ड्रम बिघडवले.

पानाचौदा
ड्रम नाही बिघडवले, ते घ्यावेच लागले असतील. शू त्यांच्या मापाचे केले नाहीत. रविवारी नेणार असाल तर आधी रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, पंधरा-वीस ब्रेक मारा, मध्ये ड्रम थंड होऊ द्या. बसलेले लायनर आणि नुसते घासलेले लायनर सारखे लागत नाहीत. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर पहिली चाचणी नको.

डॉटपाच
आता ऑइल काढलंच आहे तर सिलिकॉन भरून टाका.

पानाचौदा
ऑइल काढलेलं नाही. ड्रम उघडायला ऑइल काढावं लागत नाही.