गोळ्यांची पेटी म्हणजे एफडी नव्हे

मिशन_व्हॅलीकर

प्लेनोकर यांनी परवा इथे अमेरिकेतल्या तरुण मंडळींना सल्ला दिला: ४०१-के मध्ये (नोकरदाराचं निवृत्ती खातं) कंपनी जेवढं घालते तेवढंच घाला, उरलेल्या पैशातून दर महिन्याला पिस्तुलाच्या ९ एमएम गोळ्यांची एक केस, म्हणजे हजार गोळ्यांची पेटी घ्या. "सोनं पडतं, शेअर पडतात, गोळी पडत नाही." खाली भराभर अंगठे. त्यात नुकती नोकरी लागलेली मुलं दिसली, म्हणून सविस्तर लिहितोय.

गोळी पडत नाही? डिसेंबर २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत गोळीबार झाला आणि आता बंदुकांवर कायदे येणार म्हणून लोक दुकानांवर तुटून पडले. वॉलमार्टने दिवसाला माणशी तीन बॉक्सची मर्यादा घातली. पॉइंट टू-टूचा (रायफलीची छोटी गोळी) पाचशे गोळ्यांचा डबा वीसेक डॉलरला मिळायचा, तो गन शोच्या टेबलांवर पन्नास-साठला गेला आणि लोक मुकाट्याने घेत होते. सिनेटमध्ये बंदुकांवरचं ते विधेयक एप्रिल २०१३ लाच पडलं. भाव उतरायला मात्र काही वर्षं गेली, आणि उतरले ते जवळपास जुन्या जागी. ज्याने साठला घेतला त्याचे साठ आजही सुटलेले नाहीत.

९ एमएमचं तेच. २०१९ मध्ये पितळी कवचाची राउंडमागे, म्हणजे गोळीमागे, १७-१८ सेंट. मग कोविड, दंगली, निवडणूक, त्यात गोळ्या बनवणारी रेमिंग्टन कंपनी दिवाळखोरीत. २०२१ च्या सुरुवातीला ७० सेंटच्या वर. २०२४ मध्ये पुन्हा २२-२५. म्हणजे पाच वर्षं सांभाळून महागाई कशीबशी भरून निघाली. तेवढ्याच काळात एसअँडपी हा शेअर निर्देशांक ३००० च्या आसपासवरून ५९०० ला पोचला, सोनं चौदाशे-पंधराशेवरून २६०० ला.

पैसा होतो तो फक्त घबराटीच्या त्या काही महिन्यांत विकणाऱ्याचा. आणि साठवणारा माणूस नेमका तेव्हाच विकत नाही. ज्या भीतीपोटी घेतलं ती डोळ्यांसमोर खरी होताना दिसत असताना हातातली पेटी कोण सोडेल?

प्लेनोकर

मी सोडली. २०१९ मध्ये १७ सेंटने दहा केस घेतल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यातल्या चार ६५ सेंटने दिल्या. दहांचे १७०० गेले होते, चारांचे २६०० आले. आता हिशोब तुम्हीच करा.

आणि एसअँडपीचं कौतुक मला नको. मार्च २०२० मध्ये महिनाभरात एक तृतीयांश साफ झाला होता, तेव्हा इथलेच लोक "विकू का, विकू का" करत होते. शिवाय सप्टेंबर २०२१ पासून रशियन गोळ्यांच्या आयातीची नवी परमिटं बंद. तुला, वुल्फ, बर्नौल या ब्रँडचा स्टील कवचाचा स्वस्त माल ज्यांनी चालवलाय त्यांना कळेल बाजारातून काय गेलं ते. लासलगावचा व्यापारी चाळीत कांदा भरतो तेव्हा त्याला कोणी अर्थशास्त्र शिकवायला जात नाही.

मिशन_व्हॅलीकर

चार केसचं मान्य. वेळ साधलीत. पण उरलेल्या सहा?

कांदेवाल्याकडे लासलगावची बाजार समिती आहे, रोज लिलाव आहे. तुमच्याकडे काय आहे? पोस्टाने गोळ्या पाठवता येत नाहीत. ईबे घेत नाही. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून परवानाधारक विक्रेत्यामार्फत आणि पार्श्वभूमी तपासूनच व्यवहार, न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तपासणी. जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियाने स्वतःचा ११ टक्के कर लावला, केंद्राचा ११ टक्के त्याआधीपासून आहेच. वस्तू घेताना दुकान, विकताना पार्किंग लॉट. दोन्हींतला फरक तुमच्या नफ्यातून जातो.

प्लेनोकर

सहा आहेत अजून. असू दे.

टेक्सासमध्ये ती तपासणी नाही आणि राज्याचा तो करही नाही. कॅलिफोर्नियात राहायचं आणि कॅलिफोर्नियाची रडगाणी आम्हाला ऐकवायची, हे नको.

मोगरा_ओहायो

मला तुम्हा दोघांच्या नफ्या-तोट्याशी देणंघेणं नाही. माझी मुलगी स्मॉलबोअर रायफल, म्हणजे पॉइंट टू-टूची नेमबाजी, खेळते. २०२१ च्या वसंतात तिच्या क्लबने सरावाचे राउंड निम्म्यावर आणले. कोच प्रत्येक मुलाच्या हातात मोजून पन्नास ठेवायचे, भोकांच्या ठोकळ्यात उभे लावून, आणि संपले की मुलं कोरडा सराव करत बसायची, रिकाम्या रायफलीचा ट्रिगर ओढत. मी सकाळी सातला एका दुकानाबाहेर रांगेत उभी राहिले. माझ्यापुढच्या गृहस्थांनी हवं ते सगळं उचललं, घरी आधीच पुष्कळ असल्याचंही सांगितलं. "कशाला?" विचारलं तर म्हणाले, वाढणार आहे. आपण गुंतवणूक म्हणता त्याचं दुसरं टोक हे आहे.

प्लेनोकर

ताई, टंचाई मी केली नाही. २०२० मध्ये लाखो लोकांनी आयुष्यात पहिल्यांदा बंदूक घेतली. प्रत्येकाने दोन-दोन बॉक्स घेतले तरी फळ्या रिकाम्या होतात.

आयर्विंगचा_नवा

काका, मूळ सल्ल्यावर एक शंका. मी एच-१बीवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे. बंदूक घ्यायची नाहीच, फक्त दोन केस घेऊन कपाटात ठेवल्या तर चालेल ना? रूममेटच्या तीन आधीच हॉलच्या कपाटात आहेत.

मिशन_व्हॅलीकर

नको! आणि रूममेटला त्याच्या पेट्या आजच्या आज तिथून हलवायला सांग.

कृष्णाकाठ_न्यूजर्सी

मी इमिग्रेशनच्या फायली हाताळते, म्हणून स्पष्ट सांगते. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाने बंदूकच काय, एक जिवंत राउंड जवळ बाळगणंही केंद्रीय गुन्हा आहे. एच-१बी आला, त्यांच्या कुटुंबाचा एच-४ आला, विद्यार्थ्यांचा एफ-१ आला. २०२२ पासून कमाल शिक्षा १५ वर्षं. "माझं नाही, रूममेटचं" हे म्हणणं चालेल की नाही ते कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, यावर ठरतं. आणि दोषी ठरलात तर शिक्षेपाठोपाठ हद्दपारीचं कलम वेगळं.

प्लेनोकर

अर्धंच सांगताय. वैध हंटिंग लायसन्स असलं तर सूट आहे. कायद्यात लिहिलंय. ऑनलाइन निघतं.

कृष्णाकाठ_न्यूजर्सी

सूट आहे, नाकारत नाही. पण लायसन्सची मुदत असते. ते संपलं आणि पेटी कपाटातच राहिली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा गुन्हेगार. तुमचा सल्ला "दर महिन्याला एक केस" असा होता. त्यात व्हिसाचा व तरी होता का? इथे वाचणारी निम्मी मुलं एच-१बी आहेत!

रांगेतला_गडी

निम्मी एच-१बी का आहेत तेही लिहा ना. ईबी-२ इंडियाची, म्हणजे भारतीयांच्या एका ग्रीन कार्ड रांगेची, तारीख २०२४-२५ मध्ये २०१२-१३ च्या आसपास घुटमळत होती; म्हणजे तेव्हा रांगेत लागलेल्यांचा नंबर. ग्रीन कार्डवर देशागणिक सात टक्क्यांची मर्यादा १९९० सालची. माझ्यामागून आलेला दुसऱ्या देशातला सहकारी नागरिक होऊन मतदान करतोय, आणि मी इथे घर घेतलं, कर भरले, मुलं हायस्कूलला गेली, तरी एक काडतूस हातात धरलं तर जेल. गुंतवणुकीवर चर्चा चाललीय ती ग्रीन कार्डवाल्यांची.

मिशन_व्हॅलीकर

संताप समजतो. तरी धाग्याचा विषय तो नाही.

रांगेतला_गडी

तुमच्यासाठी नसेल.

सातारची_लेक

विषय निघालाच आहे तर माझ्या दिरांचं सांगते, म्हणजे मुलांना कळेल. ते ग्रीन कार्डवर, सगळं कायदेशीर. नेमबाजीच्या रेंजवर जायची पाठपिशवीच भारतात जाताना केबिन बॅग म्हणून घेतली. आतल्या चेनच्या कप्प्यात ९ एमएमची एक गोळी राहिलेली. इथून निघताना कोणाला दिसली नाही. परत येताना भारतातल्या एका विमानतळावर एक्स-रेच्या पडद्यावर ती बोटाच्या पेराएवढी आकृती दिसली आणि बॅग बाजूला घेतली. विमान गेलं. रात्र पोलीस ठाण्यात, मग आर्म्स ॲक्टखाली गुन्हा, जामीन, पासपोर्ट अडकला. कोर्टं अशा केसेसमध्ये जाणीवपूर्वक ताबा नव्हता म्हणून गुन्हा रद्द करतात, त्यांचाही झाला. तोवर इथली नोकरी गेली होती. सासूबाई तेव्हापासून मुलांच्या बॅगा स्वतः उलट्या करून झटकतात.

घरात हजारांनी राउंड असले की एखादा कुठेतरी राहतोच.

प्लेनोकर

वाईट झालं. पण तो निष्काळजीपणा, गुंतवणुकीचा दोष नव्हे. रेंजची पिशवी वेगळी ठेवायची, हा पहिला धडा असतो.

सातारची_लेक

धडा माहीत होता त्यांना.

वर्ध्याचा_पाहुणा

एवढा दारूगोळा घरात ठेवायचा म्हणजे कमाल आहे. आमच्याकडे ३१ मे २०१६ ला पुलगावच्या लष्करी दारूगोळा डेपोत स्फोट झाला, ते आठवा.

खडकीकर_ज्येष्ठ

पुलगावला रणगाडाविरोधी सुरुंग होते, पिस्तुलाची काडतुसं नव्हेत. तुलना करू नका. माझी सगळी नोकरी खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीत गेली, आत पाऊल ठेवायच्या आधी काडेपेटी गेटवर काढून ठेवायची सवय अजून जात नाही. सुटं काडतूस आगीत सापडलं तर फुटतं, पितळी कवच फाटून उडतं, पण नळीतून सुटलेल्या गोळीचा जोर त्याला येत नाही. पेटीच्या पेटी एकदम उडत नाही.

खरा शत्रू दमट हवा आणि उष्णता. प्लेनोकर, टेक्सासच्या उन्हाळ्यात बंद गॅरेजमध्ये काय तापमान होतं? काडतुसातली दारू वर्षानुवर्षं तापत राहिली की बिघडत जाते, प्रायमरला (ती दारू पेटवणारी टोपी) ओल लागते. दिसायला काडतूस तेच. विकत घेणाऱ्याला कसं कळणार तुमच्या गॅरेजमध्ये किती उन्हाळे काढले ते? म्हणून अनोळखी माणसाचा जुना माल जाणकार भाव पाडूनच मागतो. सोन्याला कसोटी आहे. याची कसोटी म्हणजे ते उडवणं.

प्लेनोकर

हे काकांचं पटलं. पेट्या घरात, एसीत आणतो.

मिशन_व्हॅलीकर

म्हणजे आता एसीत एक खोलीचा कोपरा, हजारी पेटीमागे बारा किलो वजन, आणि विम्यात काय लिहिलंय ते वाचणं. हे सगळं धरून पुन्हा सांगा, दर महिन्याला एक केस?

प्लेनोकर

बरं, "४०१-के कमी करा" हे वाक्य नको होतं लिहायला. तुमचं समाधान झालं असेल. बाकी शब्द न् शब्द कायम. स्वस्त असताना घेऊन ठेवणारा माणूस २०१३ ला हसला, २०२१ ला हसला, पुढेही हसेल.

आयर्विंगचा_नवा

रूममेटने पेट्या त्याच्या मित्राकडे नेल्या. कपाट रिकामं. थँक यू, कृष्णाकाठ ताई.

मोगरा_ओहायो

प्लेनोकर, पॉइंट टू-टू आहे का तुमच्याकडे? स्टँडर्ड व्हेलॉसिटी. क्लबच्या स्पर्धा जवळ आल्यात. पुढच्या महिन्यात आम्ही डॅलसला येतोय, दोन हजार राउंड आजच्या भावाने रोख घेते.

प्लेनोकर

आहे. पुष्कळ आहे. पण सध्या विकत नाही, ताई. पुढच्या वर्षी काय होईल सांगता येत नाही.